बंबाचा धूर

पावसाळा सरला, पहाटे पांघरूण अंगावर ओढावंसं वाटू लागलं, की आमच्या आया-आज्या एका कामाला हमखास लागायच्या. तांब्याचा बंब अंगणात काढायचा. आतली राख झाडायची, खालची जाळी ठोकून मोकळी करायची, काठीला चिंधी बांधून मधल्या नळीतली काजळी उतरवायची आणि बाहेरून चिंच-मीठ लावून लख्ख घासायचा. कुठं पाझरत असेल तर तांबटाकडून झाळून आणायचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला कढत पाणी मिळालंच पाहिजे, ही त्या कामाची मुदत. शेजारच्या कर्नाटकात तर आदल्या संध्याकाळी न्हाणीतली भांडी घासून, सजवून पाणी भरण्याचा सणच असतो, 'नीरु तुंबुव हब्ब'.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तिथं तांब्याचं काम चालत आलं. हे बंब घडवणारे हात असेच तांबटांचे. आणि बंब दिसतो तितका साधा नाही बरं का. मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. काही बंबांना वर नरसाळं असायचं. त्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते थेट तळाशी जायचं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडायचं. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा खेळ. शिवाय ओतल्याशिवाय पाणी मिळत नाही, म्हणून बंब कधी कोरडा जळत नसे. आजच्या विजेच्या टाकीवाल्या गीझरमध्येही गार पाणी खालून येतं आणि गरम पाणी वरून जातं. शाळा न शिकलेल्या आज्यांना हे रोजच्या वापरातून ठाऊक होतं.

बंबाचा धूर मात्र फार. डोळे चुरचुरायचे, कपडे वासायचे. म्हणून बंब परसात, पडवीत किंवा वरून मोकळ्या न्हाणीत असायचा. त्या धुरानं आपल्या बायकांचे डोळे आणि छाती खराब केली, त्याचं गुणगान आम्ही करणार नाही. पण धूर वेळेवर सांगायचा, इथं बसू नका.

गीझर आला लंडनहून. बेंजामिन वॉडी मॉघन नावाच्या माणसानं 1868 मध्ये गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि आइसलँडच्या गेसिर या उकळत्या पाण्याच्या कारंज्यावरून त्याला नाव दिलं. पाणी लगेच तापायचं, पण त्या यंत्राला धुराडं नव्हतं. जळालेला वायू तिथंच खोलीत राहायचा.

गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की आज आपल्या गावांतून, शहरांतून मोरीच्या भिंतीवर लटकणारे कितीतरी छोटे गॅस गीझर तसेच आहेत, बिनधुराड्याचे. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात आणि कडी काढायचं भान राहत नाही.

गेल्या थंडीत आमच्याच गटातल्या एकीची सून अशी मोरीत पडली. वारा लागतो म्हणून खिडकीच्या फटीत त्यांनी प्लास्टिक कोंबलं होतं. नळ वाहतोय आणि हाकेला ओ नाही, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं म्हणून दार तोडलं, तिला ओढून अंगणात आणलं. ती वाचली. आम्ही सगळ्याजणी तेव्हापासून घरोघरी गीझरच बघत फिरतो, म्हणा ना!

आता बंब नाही, तरी दिवाळीआधीचं ते काम सोडू नका. खिडकीतलं प्लास्टिक, कागद, जळमटं काढा. ज्योत बघा. निळी हवी. पिवळी झाली, काजळी धरली, तर मिस्त्रीला बोलवा, स्वतः उघडू नका. ज्योत निळी आहे म्हणून दार-खिडकी लावून घ्या, असंही नाही. बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आंघोळीला जा. गीझरच मोरीबाहेर उघड्यावर बसवून नळीनं पाणी आत आणलं, तर सगळ्यांत बरं. निखाऱ्यांची शेगडीही बंद खोलीत नको. तिला धूर नसतो, पण वायू तोच. पाण्यात सोडायचा विजेचा रॉड असेल तर त्यावरचा पांढरा थर व्हिनेगरनं काढा, आधी पाण्यात बुडवा, मग बटण लावा, आणि बटण बंद करून, पिन काढल्यावरच पाण्याला हात.

आमच्या मैत्रिणीनं गीझर मागच्या गॅलरीत हलवलाय. सासूबाईंचा जुना बंब अजून घरात आहे, तोटीपाशी गळतो. पुण्याला जाणारं कुणी भेटलं की झाळून आणायचाय. यंदाची पहिली आंघोळ त्याच्याच पाण्यानं, पण तो पेटवायचा परसात, असं सुनेनं ठरवलंय.