लाउडस्पीकरचा ताप

घरातील सामान्य लाउडस्पीकरला पुरविलेल्या विद्युत्‌शक्तीचा शेकडा एक-दोन अंशच ध्वनिरूपाने बाहेर पडतो. उरलेली बहुतेक शक्ती आतील तांब्याचे वेटोळे तापविण्यात खर्ची पडते. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेचे व्यवहार्य रूप मांडले, तेव्हापासून हा दोष तिच्या पाठीशी आहे. ताप मर्यादेबाहेर गेला की तारेवरील लेप जळतो आणि लाउडस्पीकर कायमचा मुका होतो. परंतु सतत थरथरणाऱ्या वेटोळ्याला तापमापक लावावा कसा?

याचे उत्तर त्यापूर्वी अर्धशतक मिळालेले होते. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. त्या वाढीवरून भट्टीचेही तापमान मोजता येईल, असे विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे प्रतिपादिले. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला शेकडा सुमारे ०.४ वाढतो. म्हणजे थंड असता ८ ओहम रोधाचे वेटोळे ११ ओहमांवर गेले, की ते जवळजवळ १०० अंशांनी तापले असे समजावे.

आज मोबाइल फोनमधील कित्येक अ‍ॅम्प्लिफायर हेच गणित करतात. विद्युत्‌दाब व प्रवाह मोजून ते रोध काढतात आणि ताप वाढताच आवाज थोडा उतरवितात. निराळा तापमापक लागत नाही. तापणारी तारच आपला ताप सांगते.