कर्णा, रिबन आणि कंडेन्सर

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या चार-पाच दशकांत माइक निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण स्टुडिओत माइकच नव्हता. गायक धातूच्या कर्ण्यात तोंड घालून गात असे. आवाजाच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. जोर कमी पडला की खाच उमटत नसे. खड्या आवाजाचे गायक त्यात निभावून जात. हळुवार गाणाऱ्यांचे हाल होत. व्हायोलिन ऐकू यावे म्हणून तर त्याची लाकडी पेटी काढून कर्णा बसवलेले स्ट्रो व्हायोलिन वापरात आले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेही कर्ण्यातूनच.

१९१६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड वेंटे यांनी कंडेन्सर माइक तयार केला. स्थिर पट्टीसमोर ताणलेला अतिशय पातळ पडदा आवाजाने थरथरतो, दोहोंतले अंतर बदलते आणि त्यानुसार विजेचा दाब बदलतो. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी विद्युत ध्वनिमुद्रण स्वीकारले आणि कर्णा मागे पडला. हा फरक एकाच गळ्यात ऐकायचा तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकाव्यात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुद्रणांत आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. १९३०च्या दशकातल्या मुद्रणांत सुरांचा हळुवार लगाव आणि मींड स्पष्ट ऐकू येते. मधल्या तीस वर्षांत गळाही बदलला होता हे खरे, पण ते बारकावे तबकडीवर उतरले ते माइकमुळे.

खरी निवड सुरू झाली ती रिबन माइक आल्यावर. हॅरी ओल्सन यांच्या देखरेखीखाली आरसीए कंपनीने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘४४’ हे मॉडेल काढले. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची चुणीदार फीत लटकवलेली, एवढीच त्याची रचना. हा माइक पुढचे आणि मागचे ऐकतो. बाजूचे जवळजवळ ऐकतच नाही. त्यामुळे कोणाला कुठे उभे करायचे, याचा विचार करणे ध्वनिमुद्रकाला भाग पडले. तीव्र स्वर तो मऊ करतो आणि जवळून गायल्यास खर्ज भरदार करतो. बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्यांची कुजबुजती, जवळीक साधणारी गायकी अशाच माइकच्या जोरावर उभी राहिली.

बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमन यांनी १९२८ मध्ये कंडेन्सर माइकचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. पण स्टुडिओचे चित्र पालटले ते १९४९च्या ‘यू ४७’ने. एक कळ फिरवली की तो चहूबाजूंचे ऐके किंवा फक्त समोरचे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचे गायन मुख्यतः तो आणि त्याचाच भाऊबंद ‘यू ४८’ यांवर मुद्रित झाले. ‘यू ४७’मधला व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह (निर्वात नळी) बनणे थांबल्यावर नवी रचना करणे भागच होते. १९६०चा ‘यू ६७’ घडवताना गायक आता माइकच्या अगदी जवळ येऊन गातात, हे लक्षात घेतले गेले. १९६७च्या ‘यू ८७’मध्ये व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आला आणि वेगळ्या वीजपुरवठ्याची अवजड पेटी गेली.

तारेच्या वेटोळ्यावर चालणारा डायनॅमिक माइक मात्र बराच काळ मंचावरचा आणि रेडिओवरचाच मानला गेला. रॉक संगीतातले ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर यांचा दणका तो निमूटपणे सोसत असे, म्हणून शुअर कंपनीचा १९६५चा ‘एसएम ५७’ स्टुडिओत रुजला. गायनासाठी त्याच जातीचा माइक निवडण्याचे धाडस ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडियन यांनी केले: १९८२च्या ‘थ्रिलर’ या अल्बममध्ये मायकेल जॅक्सन यांच्या गायनासाठी त्यांनी शुअरचा ‘एसएम ७’ वापरला. पुढे घराघरांत स्टुडिओ उभे राहिले तेव्हा हा निर्णय फार उपयोगी पडला. संवेदनशील कंडेन्सर खोलीतला घुमाराही टिपतो; भिंतींना ध्वनिशोषक नसलेल्या खोलीत त्यापेक्षा तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक अधिक स्वच्छ आवाज देतो.