मामांचा पाय आणि मागचा ब्रेक

मालट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या आड एक जाड लोखंडी भांडे चाकाबरोबर फिरत असते. त्याला ड्रम म्हणतात. दहा-बारा टनांचा ट्रक घाटाच्या उतारावर आवरतो, तो बराचसा याच भांड्याच्या भरवशावर. त्या ड्रमचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. त्या इतिहासाकडे मी वळलो तो माझ्या एका चुकीमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साल १९८६. वडिलांचा एक जुना ट्रक होता. कोल्हापूरचा गूळ घेऊन तो मुंबईला जायचा. गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. त्या पावसाळ्यात मामा दर खेपेनंतर एकच तक्रार करू लागले, ‘‘मागचा डावा ब्रेक मध्येच धरतोय. कधी धरतोय, कधी सोडतोय.’’ मिस्त्रींनी गाडी दोनदा पाहिली, ऑइल सील बदलले, लायनर बदलले. गल्लीत चालवून पाहिली, तर ब्रेक एकदम ठीक! मी तेव्हा नुकताच डिप्लोमा पास झालो होतो. वडिलांना सांगून मोकळा झालो, ‘‘गाडीत काही नाही. मामांचं वय झालंय, पाय जड पडतो.’’ वडील दुसरा ड्रायव्हर बघू लागले.

आता थोडे मागे जाऊ. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम हे अंतर साधारण शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या लायनरची सुरुवात अनेकदा इथूनच सांगतात. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले की चढासाठी आणखी एक गिअर हवा. कार्ल बेंझने ते ऐकले. चालवणाऱ्याचे म्हणणे बनवणाऱ्याने ऐकले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढे इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूडने उतारावरच्या घोडागाड्या पाहिल्या आणि १८९७ पासून ब्रेकसाठी टिकाऊ अस्तर बनवायला घेतले. त्याच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि बायकोच्या नावातले एक अक्षर घालून ‘फेरोडो’ हे नाव झाले. पुढे लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आले आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, हे कळेपर्यंत अनेक वर्षे गेली. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकला आजचे रूप दिले. फिरत्या ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. पायाने दाबले की ते बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या दाबाने लागू लागले.

या ड्रमचा मोठा गुण म्हणजे त्याचा एक शू फिरत्या ड्रमच्या ओघाने स्वतःच आणखी आत ओढला जातो. थोड्या जोरात काम होते. पण हाच गुण उलटतोही. लायनरची पकड जराशी बदलली, की त्याचा परिणाम कितीतरी पटीने वाढून चाकावर दिसतो. शिवाय ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि पायाखालचा ब्रेक खोल जायला लागतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ‘‘घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.’’

कार्ल बेंझची कंपनी १९२६ साली डाइमलरच्या कंपनीत मिळाली. त्याच डाइमलर-बेंझशी १९५४ साली टाटांच्या टेल्कोने पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. बर्थाबाईंच्या घरातला धागा असा आपल्या घाटांपर्यंत पोचला. खंडाळ्याच्या घाटातली बैलगाड्यांची वाट तर त्याहून जुनी, गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० साली खुली झालेली.

त्याच घाटाच्या तोंडाशी, लोणावळ्याला, मामांनी एका रात्री गाडी बाजूला घेतली. त्या खेपेला मी शेजारी बसलो होतो, त्यांची चूक पकडायला! मामा म्हणाले, ‘‘गाडी खाली नेणार नाही. तुम्हाला न्यायची तर तुम्ही न्या.’’ पाऊस पडत होता, सकाळी गूळ पोचवायचा होता. मी चिडलो. मामा खाली उतरून चहाच्या टपरीत जाऊन बसले.

नाइलाजाने मी शेजारच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना उठवले. त्यांनी गाडीकडे न बघता आधी मामांनाच विचारले, ‘‘कधी धरतो? थंड असताना की तापल्यावर? रिकाम्या गाडीला की भरलेल्या?’’ मामा म्हणाले, ‘‘रिकाम्या गाडीला नाही. सकाळी नाही. खंबाटकी, कात्रज चढून आलो की मग. आणि डावाच.’’ आम्ही कोणी त्यांना हे विचारलेच नव्हते.

मिस्त्री बॅटरी घेऊन खाली शिरले. डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ताजा ओघळ होता. मग मागच्या अ‍ॅक्सलवरचे एक बोटभर नळकांडे त्यांनी ढिले केले आणि आतून ‘फुस्स’ करून हवा सुटली. त्याला ब्रीदर म्हणतात. अ‍ॅक्सल तापली की आतली हवा फुगते, ती या वाटेने बाहेर पडते. आमचा ब्रीदर चिखलाने गच्च बुजला होता. वाट न मिळालेली हवा आतले गिअर ऑइल सीलवर रेटत होती. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो आणि पाणी वाहून जावे म्हणून ती कड उतरती असते, त्यामुळे तेल डावीकडेच जमत होते. लायनरला थोडे तेल लागले की ब्रेक दचकून धरतो, जास्त लागले की सरकतो. गाडी थंड झाली की दाब गेला, गळती थांबली. आमच्या गल्लीत सगळे ठीक दिसायचे ते यामुळे. सील दोनदा बदलूनही फरक पडला नाही, कारण दोष सीलमध्ये नव्हताच.

मिस्त्रींनी तारेने ब्रीदर मोकळा केला. सकाळी ड्रम उतरवले, तर डावे लायनर तेलाने काळे, चकचकीत. धुवून वापरू का, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘‘तेल प्यायलेलं लायनर तापलं की पुन्हा तेल सोडतं. दोन्ही बाजूंची बदला, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल.’’ नवे सील, नवी लायनर घालून दुपारी आम्ही घाट उतरलो. गूळ एक दिवस उशिरा पोचला.

त्या रात्री मामांनी माझे ऐकले असते तर काय झाले असते, याचा विचार पुढे कितीतरी वर्षे मला घाटात शिरताना यायचा. घरी आल्यावर मी वडिलांना सगळे सांगितले. दुसऱ्या ड्रायव्हरचा विषय तिथेच संपला. मामांची माफी मात्र मी त्या दिवशी मागू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी मागितली. ते हसले आणि म्हणाले, ‘‘पाय जड नव्हता रे, पायाला कळत होतं.’’

यंत्राचा दोष कधी दिसतो, कधी लपतो. लपला की आपण पटकन माणसाला दोष देतो. अशा वेळी यंत्र उघडण्याआधी, जो ते रोज चालवतो त्याला निदान तीन प्रश्न विचारावेत : कधी, कुठे आणि कशानंतर?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)