मोरचूद आणि माशांचा रोग

लहानपणी अब्बांनी तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं, तेव्हापासून मला समुद्री माशांचं वेड. पुढे माझ्या टाकीतल्या माशांच्या अंगावर सोनेरी भुकटीसारखे ठिपके आले. ऊडिनियम नावाच्या या परजीवीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली उपाय मांडला. कोणता? आपले शेतकरी द्राक्षबागेत फवारतात तेच मोरचूद!

पण त्यातलं तांबं पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं; कोशातले जीव वाचतात. म्हणून मोजून मात्रा दोन-तीन आठवडे टिकवावी लागते, तीही वेगळ्या टाकीत, कारण तांब्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

मी ठिपके जाताच औषध थांबवलं. आठवड्याभरात एकही मासा उरला नाही. दिसेनासा झालेला रोग गेलेला नसतो.