दहा हजारांची माळ

गेल्या वर्षी रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी फर्मावलं, रोज चाला. मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय चालू करून दिली. पहिल्या रात्री आकडा आला २,१००. "अब्बा, दहा हजार व्हायला हवीत," ती म्हणाली. आयुष्यभर मात्रा मोजल्या, आता पन्नाशी उलटल्यावर पावलं मोजायची! पण हा दहा हजारांचा आकडा ठरवला कुणी, ते कळल्याशिवाय चैन पडेना.

ठरवला तो जपानमधल्या एका कंपनीनं. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झालं, व्यायामाची हवा निर्माण झाली आणि १९६५ मध्ये कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आलं. नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, जिभेवर बसणारा. वैद्यकाचा आधार शोधणं नंतर सुरू झालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. मुलीला हे वाचून दाखवलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण या जपानी यंत्राच्या शंभर वर्षं आधी आपल्या देशात एक माणूस दहा हजारांची माळ ओढत होता. कुमाऊँचा नैनसिंह रावत. तिबेटचा नकाशा इंग्रजांना हवा होता आणि गोऱ्या माणसाला तिथं प्रवेश नव्हता. म्हणून कॅप्टन माँटगोमेरीनं पहाडी माणसांना डेहराडूनला शिकवून तयार केलं. चढ असो, उतार असो, पाऊल ठरल्या मापाचंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलांत एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवलेले. असं मोजत तो जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. १८७७ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. त्याचाच भाऊबंद किशनसिंह. त्याला एका टप्प्यावर घोड्यावर बसणं भाग पडलं, तर त्यानं घोड्याची पावलं मोजली! तसबीह मीही ओढतो. तेहतीस मण्यांतही माझं चित्त भरकटतं. ही माणसं डोंगर चढताना मोजत होती.

आमच्या मावळात मात्र पावलं मोजायला कुणी नव्हतं. १८५६ मध्ये मुंबईकडून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला बोरघाट १८६३ पर्यंत तसाच. उतारूंनी खाली उतरायचं आणि घाट पालखीत, तट्टावर नाहीतर पायी ओलांडायचा. पालखीतल्या साहेबाची पावलं शून्य, भोयांची किती? घाटातला लोहमार्ग खोदायला ४० हजारांहून अधिक मजूर एका वेळी राबत होते. ते काम आवरून रोज कुठून कुठे चालत गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

माझे अब्बाही त्यांच्यातलेच. आम्ही मणेर. बांगड्यांचं ओझं खांद्यावर घेऊन अब्बा कामशेतहून नाणे मावळातल्या गावांत फिरायचे. त्यांचं अंतर नमाजात मोजलेलं असे. "जुहरला गोवित्री गाठली, असरला परत नाण्यात." बस. देहूच्या पालखीचंही तसंच आहे. १६८५ मध्ये तुकोबांच्या धाकट्या मुलानं, नारायण महाराजांनी सुरू केलेला हा सोहळा. पालखी आमच्याच इंद्रायणीच्या काठावरून निघते, तिची पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. वारकरी मुक्काम मोजतात, पावलं नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आमिश नावाचे लोक ट्रॅक्टरशिवाय, घोड्यांच्या नांगरानं शेती करतात. २००४ मध्ये त्यांच्या कमरेला यंत्रं बांधून पाहिलं, तर पुरुषांची रोजची सरासरी १८ हजारांवर निघाली, बायकांची १४ हजारांवर. ते वाचलं आणि अब्बांच्या टाचांच्या भेगा डोळ्यांपुढे आल्या. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा काय घेतलं असेल, तर स्कूटर. अब्बांना आता चालायला लागू नये म्हणून. चालणं म्हणजे गरिबी, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. अब्बा त्या स्कूटरवर मागे बसले ते जेमतेम चार वर्षं. पुढे तीस वर्षं मीच बसलो. माझ्या साखरेचा हिशेब तिथून लागतो.

आता स्कूटर विकली. भाजी एकदम आणत नाही, रोज थोडी आणतो, म्हणजे बाजाराची खेप वाढते. स्टेशनात लोकलची वाट पाहताना बाकावर न बसता फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. जुन्या महामार्गाच्या कडेनं चालायचं म्हणजे ट्रकचा वारा अंगावर घेत चालणं. ते सोडून दिलं. संध्याकाळी नाण्याच्या रस्त्याला लागतो, अब्बांच्याच.

परवा त्या रस्त्यावर डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी भेटली. बाजार आटपून गावाकडे निघालेली.

"कुठं निघालाव, चाचा?"

"चालायला."

"ते दिसतंय. पण कुठं?"

"कुठंच नाही. त्या वडापर्यंत जायचं आणि परत फिरायचं."

ती थांबली, पाटी सावरली आणि मनापासून हसली. "मग ही पाटी तरी घ्या वडापतोर."

घेतली. वडापर्यंत अकराशे पावलं भरली. ती माझ्यापुढेच होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)