कर्क्युमिन आणि अंडाशय-संरक्षण

हळदीच्या कंदातील पिवळे, ऑक्सिडीकरणरोधी रंगद्रव्य. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर-मुदखेड पट्टा केळीइतकाच हळदीसाठीही ओळखला जातो. काढणीनंतर जेठे गड्डे बाजूला करून हळकुंडे शिजवतात, वाळवतात व पॉलिश करून बाजारात नेतात. वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते. लातूरच्या सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होनेही अंडाशय-संरक्षणाच्या अंगाने अभ्यासली जातात. मात्र ती इस्ट्रोजेनसारखी वागत असल्याने त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख अंडपेशी असतात; नव्या तयार होत नाहीत. वय, तंबाखूचा धूर आणि सायक्लोफॉस्फामाइडसारखी कर्करोगावरील औषधे हा साठा घटवतात. मुक्त मूलके वाढली की अंडपेशीभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी मरू लागतात. कर्क्युमिन एनआरएफ-२ हा प्रथिनमार्ग जागवून पेशीची स्वतःची संरक्षक विकरे वाढवते. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे पुटिकांची (अंडपेशी व तिच्याभोवतीच्या पेशींच्या पिशव्यांची) हानी कमी झालेली दिसली.

स्त्रियांमध्ये हा लाभ अद्याप सिद्ध नाही. कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते. मिरीतील पायपेरीन हे शोषण वाढवते. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून केमोथेरपी घेणाऱ्या तरुणीला हळदीच्या गोळ्यांच्या भरवशावर ठेवणे घातक होय; उपचार सुरू होण्यापूर्वीच तिला अंडपेशी गोठवण्याची माहिती मिळाली पाहिजे.