जुन्या स्पोर्ट्स कारचे रबरी भाग

जपानमधील माझदा कंपनीने १९८९ मध्ये 'एमएक्स-५' ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. मायदेशी ती 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. तिच्या पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. अशा गाडीचे इंजिन उघडून दुरुस्त करता येते, पत्राही सरळ करता येतो; परंतु दारे, काचा व टप यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या, नळ्या आणि बुश वयोमानाने निकामी होतातच. त्यांचे उत्पादन बंद झाले, की मालकाची खरी अडचण सुरू होते.

रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळवले. या प्रक्रियेत रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये कायमचे दुवे तयार होतात. त्यामुळे जुना भाग वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. हवेतील ओझोनमुळे नैसर्गिक रबराला ताणाच्या जागी भेगा पडतात. न वापरता डब्यात पडून राहिलेला सुटा भागही कडक होत जातो. म्हणून जुन्या साठ्यातील माल घेताना त्याची लवचिकता तपासणे आवश्यक ठरते.

पर्यायी भाग निवडताना आकाराइतकेच महत्त्व रबराच्या जातीला असते. 'ईपीडीएम' हे कृत्रिम रबर ऊन, पाऊस व ओझोन सहन करते. दारांच्या पट्ट्यांसाठी ते योग्य असते. मात्र पेट्रोल वा खनिज तेल लागल्यास ते फुगते. तेलाच्या सीलसाठी नायट्राइल रबर वापरतात, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या नळ्यांना फ्लुओरो-रबराचे अस्तर असते. भारतात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून मिळू लागल्याने येथील जुन्या गाड्यांनाही ही बाब लागू होते.

दाराच्या पट्टीचा आडवा छेद मोजून तशीच पट्टी लांबीवर घेता येते आणि तिचे कोपरे सायनोअॅक्रिलेट गोंदाने जोडता येतात. नमुना उपलब्ध असल्यास सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून मोजके नग तयार होतात. पॉलियुरेथेनचे बुशही बसवता येतात. परंतु ते अधिक कडक असल्याने रस्त्याचे हादरे गाडीत जास्त जाणवतात. ब्रेकचे सील आणि पेट्रोलच्या नळ्या मात्र कधीही चिकटवून वापरू नयेत. तेथील गळती म्हणजे निकामी ब्रेक किंवा आग.

काही कंपन्यांनी आता स्वतःच पुढाकार घेतला आहे. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली. त्यासाठी ब्रिजस्टोनने मूळ धर्तीचे टायर पुन्हा तयार केले. निस्सानने २०१७ मध्ये 'स्कायलाइन जीटी-आर'साठी, तर टोयोटाने २०२० मध्ये 'सुप्रा'साठी बंद पडलेले भाग पुन्हा बनवण्याचे उपक्रम हाती घेतले. ज्या भागांपर्यंत असे उपक्रम पोहोचत नाहीत, ते मात्र नमुन्यावरूनच करून घ्यावे लागतात. म्हणून झिजलेला, तडकलेला मूळ भाग नवा हाती येईपर्यंत टाकून देऊ नये. साच्याची मापे त्यावरूनच घेतली जातात.